बारा वाजून दोन मिनिटं



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हातचा मार खाल्लेल्या शेवटच्या काही विद्यार्थ्यांपैकी मी एक. आज विषय अवकाशयानाचा आहे. पण सुरुवात शाळेच्या अंगणातूनच करावी लागेल. त्याला कारण आहे.

गुरुजी भूगोल शिकवायचे. ऑगस्टच्या अखेरीस पावसानं उघडीप दिली की एखाद्या दुपारी ते वर्ग बाहेर काढायचे, अंगणात एक काठी सरळ रोवायचे, आणि आम्हाला खडूनं तिच्या सावलीच्या टोकावर खुणा करायला लावायचे. सावली सगळ्यांत आखूड कधी होईल? आम्ही सगळे ओरडायचो, बाराला! गुरुजी काही बोलायचे नाहीत. शाळेची घंटा बाराचे टोल द्यायची, आणि सावली आपली अजून आखूड होतच असायची. बारा दहा झाले, बारा पंधरा झाले. बारा वाजून वीस-बावीस मिनिटांनी ती थांबायची आणि मग पुन्हा लांबायला लागायची. तेव्हा गुरुजी म्हणायचे, घड्याळ सरकारचं आहे, सूर्य वाशीमचा आहे.

हिशेब सोपा आहे. आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी अंश रेखांशावर, म्हणजे अलाहाबादच्या बाजूच्या वेळेवर. वाशीम आहे सत्त्याहत्तर अंशांच्या जरासं पुढे. एका अंशाला चार मिनिटं. तुम्हीच मांडून बघा.

आणि रेखांशाची गोष्ट या गावात नवी नाही, मंडळी. वाकाटकांच्या काळी हे वत्सगुल्म होतं, राजधानी होती, हे आपण प्रत्येक सत्कारात ऐकतो. पण सातव्या शतकात पहिला भास्कर, लीलावतीवाला नव्हे, त्याच्याही पाचशे वर्षं आधीचा, जेव्हा लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरची ठिकाणं सांगतो, तेव्हा त्या यादीत अवंतीच्या, म्हणजे उज्जैनच्या, जोडीला आपलं वत्सगुल्म येतं. आजच्या मोजणीनं दोन्ही गावं एका रेषेत नाहीत, सव्वा-दीड अंशाचा फरक आहे. तेवढा फरक त्या काळाच्या साधनांना माफ. पण ज्या रेषेवरून दिवसाची दुपार मोजायची, ती रेषा आपल्या गावातून जाते असं खगोलशास्त्रज्ञ मानत होते. मध्यमेश्वराच्या देवळाशी ही गोष्ट लोक आजही जोडतात. एवढं लक्षात ठेवा आणि माझ्याबरोबर फ्लोरिडाला चला.

३० ऑगस्ट १९८३. केनेडी अंतराळ केंद्र. रात्रीचे अडीच वाजलेत. विजा चमकतायत, पाऊस येऊन गेलाय, त्यापायी सतरा मिनिटं उशीर झालाय. तळावर उभं आहे चॅलेंजर नावाचं यान, शटल मालिकेतली आठवी फेरी, आत पाच माणसं. दोन वाजून बत्तीस मिनिटांनी ते उठलं. शटल रात्री उडण्याची ती पहिलीच वेळ. याआधीच्या सातही फेऱ्या दिवसाढवळ्या झाल्या होत्या, आणि ते शहाणपणाचं होतं. काही बिघडलं तर कॅमेऱ्याला दिसायला पाहिजे, परत वळून उतरायची पाळी आली तर धावपट्टी दिसायला पाहिजे. मग या वेळी रात्र का?

कारण त्यांची ती रात्र म्हणजे आपली दुपार होती. भारतात तेव्हा वाजले होते बारा वाजून दोन मिनिटं. अंगणातली सावली सर्वांत आखूड व्हायला वीस मिनिटं बाकी. आणि त्या यानात जो मुख्य माल होता, तो आपला होता. इन्सॅट-१बी.

वेळ मालानं ठरवली. माल कुठं पोहोचवायचा, तिथं तो कोणाच्या नजरेत राहायला पाहिजे, हे आधी ठरलं, आणि तिथून उलटं मोजत मोजत सुटायची घटका आली. आज मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. बाकीचं सगळं या एका गोष्टीच्या भोवती फिरेल. शटल म्हटलं की आपल्याला अमेरिकेचा झेंडा आणि धुराचा लोट आठवतो. ती एक फेरी मात्र आपल्या घड्याळानं उडाली होती.

आता आधी गाडी बघू, मग माल.

शटल म्हणजे एकच यान नव्हे, तीन वस्तूंची मोळी. मधे एक तपकिरी टाकी, सत्तेचाळीस मीटर उंच, म्हणजे पंधरा मजली. तिच्यात द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन. दोन्ही बाजूंना दोन पांढरे बूस्टर, घन इंधनाचे. आणि टाकीच्या पाठीला चिकटलेलं ते पंखांचं यान, ज्याला ऑर्बायटर म्हणतात. सदतीस मीटर लांब, पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चोवीस मीटर. सगळं मिळून वजन दोन हजार टन. यातले बूस्टर म्हणजे, दिवाळीतला भुईनळा आठवा. एकदा पेटला की पेटला. विझवायची सोय नाही, कमी-जास्त करायची सोय नाही. दोन मिनिटं जळतात आणि गळून समुद्रात पडतात, तिथून ओढून आणून पुन्हा भरायचे. टाकी साडेआठ मिनिटांनी सुटते, ती मात्र वाया. वर पोहोचतं फक्त ऑर्बायटर.

आणि त्याला पंख आहेत. आता मला सांगा, पंखांचा वर उपयोग काय? तीनशे किलोमीटरवर हवा नाही. हवा नाही तर पंख कशावर टेकणार? जाताना तर ते निव्वळ ओझं. नाक वर करून सरळ उभं सुटणाऱ्या यानाला पंख म्हणजे लग्नाला निघालेल्या माणसाच्या पाठीवर नांगर. तरी ते वाहून न्यायचे, कारण ते परतीसाठी आहेत. पंख जाण्यासाठी नाहीत, येण्यासाठी आहेत. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

रशियनांनी हा खटाटोप टाळला होता. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९८४ मध्ये, आपले राकेश शर्मा गेले ते सोयूझमधून. घंटेच्या आकाराची कुपी, परतताना छत्री उघडायची आणि कझाकस्तानच्या मैदानात धप्पकन बसायचं. सोपं काम. पण कुपीतून मोठा माल नेता येत नाही. ऑर्बायटरला मात्र पाठीवर हौदा होता, अठरा मीटर लांब, साडेचार मीटर रुंद. आपल्या बाजार समितीत सोयाबीनचे ट्रक उभे असतात, त्यांतले दोन एकामागे एक आत शिरले असते. वर दोन झडपा, कक्षेत गेल्यावर उघडायच्या.

या फेरीच्या यानात काय काय होतं? एक डंबेलसारखं साडेतीन टनांहून जड वजन होतं, यानाचा यांत्रिक हात तेवढं उचलतो का ते बघायला. सहा उंदीर होते. आणि, हे मला फार आवडतं, अडीच लाखांहून जास्त टपाल पाकिटं होती, तिकिटं लावलेली, अंतराळात फिरून आली म्हणून संग्राहकांना विकायला. म्हणजे एसटीच्या टपावरून जसं नवरदेवाचं सामान, कोंबड्या आणि पोस्टाची पिशवी एकत्र जायची, तसंच.

माणसं पाच. कमांडर रिचर्ड ट्रूली, पायलट डॅनियल ब्रँडेनस्टाइन, दोघंही नौदलाचे वैमानिक, रात्रीच्या अंधारात हलत्या जहाजावर विमान उतरवण्याची सवय असलेले. ती सवय कामी येणार होती. डेल गार्डनर. गायन ब्लूफर्ड, अंतराळात गेलेले पहिले आफ्रिकी-अमेरिकी. आणि विल्यम थॉर्नटन, वय चोपन्न, तोवर अंतराळात गेलेल्यांत सर्वांत वडील. डॉक्टर होते. वर गेल्यावर माणसांना मळमळतं का आणि कसं, याचाच अभ्यास करत राहिले. मोठ्या विज्ञानात मळमळीलाही जागा असते.

आता माल. इन्सॅट-१बी साडेअकराशे किलोंचा. त्याच्या आधीचा थोरला भाऊ, इन्सॅट-१ए, एप्रिल १९८२ मध्ये डेल्टा रॉकेटवरून गेला होता आणि सप्टेंबरात निकामी झाला. एक भाग नीट उघडला नाही, दुसरा उघडलाच नाही, आणि शेवटी स्थिर राहण्यासाठीचं इंधनच संपून गेलं. म्हणजे हा दुसरा. हा गेला असता तर तिसऱ्यासाठी कोण विचारणार होतं? हासनला, कर्नाटकातल्या आपल्या नियंत्रण केंद्रात, त्या दिवशी लोकांच्या पोटात काय होत असेल, याची कल्पना ज्यांच्या घरात एक पीक बुडून दुसरी पेरणी झालीय त्यांना मी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी, ३१ ऑगस्टला, आपल्या दुपारी एक वाजून अठरा मिनिटांनी, उपग्रह हौद्यातून बाहेर निघाला. कसा? तो एका फिरत्या पाटावर उभा होता. आधी त्याच्यावरचं ऊन अडवणारं झाकण शिंपल्यासारखं उघडलं. मग पाट फिरू लागला, उपग्रहाला भोवऱ्यासारखी गिरकी दिली. गिरकी कशासाठी? भोवरा फिरता असला की पडत नाही, दिशा सोडत नाही. मग कड्या सुटल्या, आणि स्प्रिंगनं त्याला हलकेच वर ढकललं. रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या वेगानं तो निघाला. ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगानं पळणाऱ्या यानातून ही पाठवणी अशी, पावलापावलानं. मग यान हळूच मागे सरलं, दूर गेलं, आणि सुमारे चाळीस मिनिटांनी उपग्रहाच्या बुडाशी बांधलेली घन इंधनाची मोटर पेटली.

इथं एक गैरसमज काढून टाकतो. शटलनं उपग्रह जागेवर नेऊन ठेवला, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. नाही. शटल गेलं तीनशे किलोमीटरपर्यंत. इन्सॅटला जायचं होतं छत्तीस हजार किलोमीटरवर. म्हणजे नागपूरला जायचं आणि गाडीनं तुम्हाला वेशीवरच्या पुलाशी उतरवलं, असा तो प्रकार. पुढचा सगळा रस्ता त्यानं स्वतःच्या बळावर काटला, आधी त्या मोटरनं लंबुळक्या कक्षेत, मग स्वतःच्या इंजिनानं टप्प्याटप्प्यानं वर. आणि या प्रत्येक टप्प्यावर, तो जिथं असेल तिथं हासनच्या अँटेनांना किंवा दुसऱ्या कुठल्या तरी केंद्राला दिसायला पाहिजे, आज्ञा पोहोचायला पाहिजे. म्हणून ती घटका. म्हणून फ्लोरिडात रात्र.

मग पोहोचला का? पोहोचला. आणि अडकला.

उपग्रहाला सहसा दोन बाजूंना सौर पत्रे असतात, दोन पंख. इन्सॅटला एकच होता. कारण त्याच्या दुसऱ्या बाजूला ढगांचे फोटो काढणारं उपकरण होतं, आणि त्या उपकरणाचं भिंग-बिंग नव्हे, त्याचा संवेदक अतिशय थंड राहायला लागतो. शेजारी तापलेला पत्रा चालत नाही. म्हणून पत्रा एकाच बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला लांब दांडीवर एक छोटं शीड. सूर्यप्रकाशाचाही दाब असतो, जरासा, पण असतो. एका बाजूला कावडीचा घडा भरला तर दुसऱ्या बाजूला काहीतरी बांधावंच लागतं. तर हा एकुलता एक पंख उघडेना. दोन आठवडे हासनचे लोक आज्ञा देत राहिले. सप्टेंबरच्या मध्यावर तो पुरता उघडला, आणि ऑक्टोबरात इन्सॅट-१बी कामाला लागला. पूर्व रेखांश ७४ अंश. आपल्या वाशीमच्या तीन अंश पश्चिमेला. इथून दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा, किंचित उजवीकडे वळा, आणि मान क्षितिजापासून सुमारे सहासष्ट अंश वर करा. तिथं तो टांगलेला होता.

त्यानं काय केलं, हे तुमच्या घरात घडलंय. १९८४ मध्ये दूरदर्शनची छोटी प्रक्षेपण केंद्रं देशभर धडाधड उभी राहिली, कित्येक महिने जवळजवळ दिवसाला एक. त्या सगळ्यांना दिल्लीचं चित्र वरून येत होतं, याच उपग्रहातून. आपण मात्र गच्चीवर उभे. ॲल्युमिनियमच्या काड्यांची ती अँटेना, तिचा पाइप दोन्ही हातांनी धरलेला, आणि खाली ओरडायचं, आलं का? खालून आवाज, मुंग्या आहेत! थोडं फिरव! आलं, आलं, आता हलवू नको! आणि पाइपवर कावळा बसला की पुन्हा मुंग्या.

१९८७ च्या जानेवारीत रामायण सुरू झालं. रविवारी सकाळी गावातल्या पाटणी चौकात चिटपाखरू नसायचं. काहीजण टीव्हीला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. आता गंमत बघा. त्या पडद्यावर लोक पुष्पक विमान हात जोडून बघत होते, आणि ते चित्र ज्या उपग्रहातून उतरत होतं, तो खरोखरच पंखांच्या एका यानातून गेला होता. त्याच्या चालकांची नावं कोणाला माहीत नव्हती. मी हे उपहासानं म्हणत नाही. हार घालणाऱ्यांत माझी आजी होती.

परतीकडे येतो. पाच सप्टेंबर. यान पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला असताना उलटं होऊन छोटी इंजिनं पेटवतं, वेग थोडासाच कमी करतं, आणि पडू लागतं. अक्षरशः पडू लागतं. मग नाक चाळीस अंश वर करून, पोट पुढे करून हवेत शिरायचं. पंखांच्या कडा आणि नाक सोळाशे अंशांपर्यंत तापतात. पोटाखाली वाळूपासून केलेल्या, थर्माकोलसारख्या हलक्या फरशा, हजारोंच्या संख्येनं, प्रत्येकीचा आकार वेगळा, प्रत्येकीवर नंबर. आतून धगधगणारी अशी फरशी तुम्ही कडांना धरून बोटांत उचलू शकता, एवढी ती उष्णता सोडायला नाखूश. आणि शेवटी, इंजिन बंद. इंधन नाही. पुन्हा घिरटी घालून यायची सोय नाही. एकच संधी, आणि या वेळी तीही अंधारात. कॅलिफोर्नियाच्या एडवर्ड्स तळावर मध्यरात्रीनंतर चाळीस मिनिटांनी, झेनॉनच्या दिव्यांच्या झोतात, ट्रूलींनी यान टेकवलं. आपल्याकडे दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि तो शिक्षक दिन होता. सुटलं ते दुपारी, माल उतरवला तो दुपारी, टेकलं तेही दुपारी. सहा दिवस, एक तास, आठ मिनिटं.

सगळं छान झालं, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. मग समुद्रातून ओढून आणलेले बूस्टर उघडले गेले. डाव्या बूस्टरच्या तोटीला आतून साडेसात सेंटिमीटर जाडीचं अस्तर होतं. काही ठिकाणी ते जळून जेमतेम अर्धा सेंटिमीटर उरलं होतं. आणखी काही सेकंद तो भुईनळा चालला असता, तर पाच माणसं, सहा उंदीर, अडीच लाख पाकिटं आणि आपला इन्सॅट, हिशेब तिथंच संपला असता.

त्याच चॅलेंजरनं पुढे आणखी एक भारतीय वस्तू नेली, आणि ती मुंबईची होती. एप्रिल १९८५. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले सुकुमार बिस्वास आणि त्यांचे सहकारी, अहमदाबादच्या भौतिकी प्रयोगशाळेच्या साथीनं, एक पेटी घेऊन आले. नाव अनुराधा. आत विशिष्ट प्लॅस्टिकच्या चकत्यांची चळत. विश्वकिरणांतला एखादा कण घुसला की प्लॅस्टिकमध्ये सूक्ष्म ओरखडा उठतो, मग ते रसायनात बुडवून ओरखडा मोठा करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. पण कण कधी आला, हे कसं कळणार? युक्ती अशी, की खालची चळत वरच्या चळतीखाली अगदी थोडी थोडी, ठरल्या वेळानं फिरत राहते. वरचा आणि खालचा ओरखडा किती अंशानं सरकला, ते बघा, वेळ मिळाली. गुरुजींची काठी आणि खडू, दुसरं काय? वेळ कळली की यान तेव्हा कुठं होतं ते कळतं, आणि पृथ्वीचं चुंबकत्व तिथं कोणत्या कणाला आत सोडतं ते माहीत असतं. त्यावरून त्यांनी दाखवलं, की काही मंद कणांचा एकच इलेक्ट्रॉन गळालेला आहे, बाकी सगळे अंगावर आहेत. ती फेरी फ्लोरिडात दुपारी किती वाजता सुटली, सांगू? बारा वाजून दोन मिनिटं. याला मात्र काही कारण नाही. योगायोग.

पुढची पायरी माणसाची होती. इन्सॅट-१सी बरोबर एक भारतीय जाणार होता. पी. राधाकृष्णन आणि एन. सी. भट, इस्रोच्या दोघा अभियंत्यांची निवड झाली होती. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर त्र्याहत्तराव्या सेकंदाला आकाशात फुटलं, सात माणसं गेली, त्यांत एक शाळामास्तरीण होती. कारण पुन्हा बूस्टर, या वेळी सांध्यातली रबरी कडी. इन्सॅट-१सी अडीच वर्षांनी युरोपच्या एरियाननं गेला. माल गेला, माणूस राहिला. पंखांच्या यानात बसायला निघालेले ते दोघं जमिनीवरच निवृत्त झाले.

इन्सॅट-१बी सात वर्षांसाठी बांधला होता, तो आपलं काम चोख करून गेला. ७४ अंशांवरची ती जागा मात्र आपण सोडली नाही. सप्टेंबर २००२ मध्ये श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीनं, पंखबिंख काही नसलेल्या आपल्याच रॉकेटनं, एक हवामान उपग्रह उडाला आणि त्याच रेखांशावर जाऊन थांबला. त्याचं नाव मेटसॅट ठेवलं होतं. साडेचार महिन्यांनी, १ फेब्रुवारी २००३ ला, कोलंबिया शटल परतताना तुटलं. उडतानाच फोमचा एक तुकडा डाव्या पंखाच्या कडेवर आदळून भोक पडलं होतं. सोळा दिवस वर असताना त्या भोकानं काही केलं नाही. वर पंखाचं काम नसतं. परतताना त्यातून आग आत शिरली, आणि उतरायला सोळा मिनिटं असताना यान तुटलं. आत सातजण होते, त्यांत कर्नालची कल्पना चावला.

चार दिवसांनी मेटसॅटचं नाव बदलून कल्पना-१ ठेवलं गेलं. पुढची कित्येक वर्षं मृगाच्या तोंडावर आपण टीव्हीवर जे ढग बघत होतो, पाऊस विदर्भात कधी शिरतो म्हणून, त्यांतले पुष्कळ फोटो ती ७४ अंशांवरून काढत होती, इथून दक्षिणेला, किंचित उजवीकडे, मान सहासष्ट अंश वर.